आयसीयूत शिफ्ट इनचार्ज व्हावं की युनिट मॅनेजर? दोन्ही करून बघितलंय, म्हणून लिहितेय

आयसीयूत पाच-सात वर्षं काढली की एक दिवस विचारणा होतेच, शिफ्ट इनचार्ज होणार का, आणि तिथं टिकलात की मग दुसरी, मॅनेजरची जागा रिकामी होतेय, अर्ज टाकताय ना. मी सहा वर्षं इनचार्ज होते, नंतर दोन वर्षं मॅनेजर, आणि आता परत इनचार्ज आहे, म्हणजे माझं पारडं कुठं झुकलंय ते आधीच कळलं असेल, त्या हिशोबानं वाचा.

बाहेरच्यांना वाटतं या एकाच जिन्याच्या खालच्या-वरच्या पायऱ्या आहेत. तसं अजिबात नाहीये. इनचार्जचं सगळं आत्ताचं असतं, कुठला पेशंट कुणाला द्यायचा, नवीन मुलीला व्हेंटिलेटरवरचा (आमच्या भाषेत व्हेंटवरचा) झेपेल का, इमर्जन्सीतून फोन आलाय तर वॉर्डात कुणाला पाठवून बेड मोकळा करायचा, आणि डॉक्टरला आत्ता उठवायचं की अजून दहा मिनिटं बघायचं. मॅनेजरचं सगळं पुढच्या महिन्याचं, रोस्टर, रजा, कोण सोडून चाललंय, दुरुस्तीला गेलेले दोन पंप कधी येणार, ऑडिट, नातेवाईकांच्या तक्रारी. इनचार्जची ड्युटी ओव्हर दिला, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट समजावून दिले, की संपते (निदान कागदावर तरी), मॅनेजरची कधीच संपत नाही, दिवसपाळी असली तरी फोन उशाशीच.

एक रात्र सांगते. स्टाफ कमी, म्हणून इनचार्ज असूनही माझ्या नावावर एक पेशंट, व्हेंटवर, नॉरअ‍ॅड (बीपी टिकवून धरणारं औषध) बऱ्यापैकी चढं. ज्यांनी चालवलंय त्यांना माहितीये, नॉरअ‍ॅडचा असर दोन-तीन मिनिटांत उतरतो, म्हणून पहिली सिरिंज संपायच्या आत दुसरी भरून तयार ठेवावी लागते. मी पंपासमोर उभी, सिरिंज बदलतेय, तेवढ्यात समोरच्या बेडवरून नवीन मुलगी ओरडली, तिचा पेशंट गुंगीतून बाहेर येत होता आणि त्याचा बांधलेला एक हात सुटलेला. मी इथून हात काढला तर माझ्याचं बीपी कोसळणार. शेजारच्या सिस्टरला हाक मारली, ती सक्शन सोडून धावली, पण तोवर श्वासाची ट्यूब पेशंटच्याच हातात. नशीब, तो स्वतःचा श्वास घेत होता, मास्कवर निभावलं. सकाळी रिपोर्टमध्ये ओळ आली, "इनचार्ज जागेवर उपलब्ध नव्हत्या." ओळ खरीच होती की! पण मी का नव्हते ते लिहायला त्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.

ब्रिटनमधल्या क्रिटिकल केअरच्या गाइडलाइन्समध्ये चोवीस तास एक सीनियर नर्स अशी हवी म्हटलंय जिच्या नावावर पेशंटच नाही, आणि १० पेक्षा जास्त बेड असतील तर अशी जादा माणसं अजून. वरवर बघणाऱ्याला ती रिकामी फिरणारी बाई वाटते. त्या रात्री ती असती तर ट्यूब जागेवर राहिली असती, माझं तरी तेच मत आहे.

आता मॅनेजरकडे काय असतं, तर हे असं काहीतरी बदलायची ताकद. मी त्या पोस्टवर गेले तेव्हा पहिलं काम हेच धरलं, इनचार्जच्या नावावर पेशंट नको, आणि त्याला पाच महिने लागले. मीटिंगला जाताना नर्सिंगच्या अमेरिकन संशोधक लिंडा एकन यांचा २००२ चा अभ्यास घेऊन जायचे, सर्जरीच्या पेशंट्सवरचा, त्यात नर्समागे एक पेशंट वाढला की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली होती. आकडा ऐकला की समोरचे निदान पेन तरी खाली ठेवतात.

पण मॅनेजर झालं की सगळं हातात येतं असं समजू नका. सेंट्रल लाइनची, म्हणजे मोठ्या शिरेत घालतात त्या नळीची, चेकलिस्ट घ्या. अमेरिकन डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या टीमनं मिशिगनमधल्या शंभरावर आयसीयूंमध्ये ती राबवली, २००६ मध्ये छापून आलं, साध्या पाच गोष्टी, हात धुणं, क्लोरहेक्सिडीननं त्वचा साफ करणं, पूर्ण ड्रेप (निर्जंतुक चादर) आणि गाऊन, जमेल तिथं मांडीतली लाइन टाळणं, गरज संपली की लाइन काढणं. १००० कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाइन म्हणजे एक कॅथेटर-दिवस) इन्फेक्शनचा मध्यक २.७ होता तो तीन महिन्यांत शून्यावर आला. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार नर्सला दिलेला होता. हा अधिकार मिळवून कागदावर आणणं मॅनेजरचं काम, पण पहाटे तीनला दमलेल्या रजिस्ट्रार डॉक्टरला "सर थांबा, ड्रेप पुरता नाहीये" हे तोंडानं म्हणायचं काम इनचार्जचं, आणि तिला ते म्हणता येतं कारण सकाळी सर तणतणत आले तर मॅनेजर तिच्या बाजूनं उभी राहणार हे तिला माहीत असतं. म्हणून अर्ज टाकायच्या आधी एवढं स्वतःला विचाराच, तुम्हाला ते पहाटे बोलणं जमतं की सकाळी झेलणं? दोन्ही जमणारी माणसं मी फार कमी बघितली.

गमावण्याचंही बघा. मॅनेजर झाल्यावर हात गंजतो, वर्षभरात नवीन व्हेंट आले आणि मोड कुठून बदलायचा हे मला दोन वर्षांच्या ज्युनियरला विचारावं लागलं, तिनं गोड बोलून दाखवलं पण मला लागलंच. शिवाय पँट्रीत शिरलं की गप्पा थांबतात. कालपर्यंत मी त्याच गप्पांत होते. उलट इनचार्जला नाईट सुटत नाही, पाठ-गुडघे बोलायला लागतात आणि बऱ्याच ठिकाणी भत्ता एवढा थोडका की त्यासाठी कुणी ही जबाबदारी घेऊ नये. शिकवायची खरी हौस असेल तर या दोन्हींच्या फंदात न पडता एज्युकेटरची पोस्ट बघा, पण तो वेगळाच विषय.

होकार द्यायच्या आधी दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. इनचार्ज होत असाल तर, माझ्या नावावर पेशंट असणार का, आणि "शक्यतो नाही" हे उत्तर असेल तर त्याचा अर्थ हो असा घ्या. मॅनेजर होत असाल तर, स्टाफ नसेल तेव्हा बेड बंद ठेवायचा निर्णय माझा की वरच्यांचा. मी हे विचारलंच नव्हतं. माझ्या दुसऱ्या वर्षी एका रात्री मी नाही म्हणत असताना अकरावा बेड उघडला गेला, मी घरून फोनवर "सांभाळून घे गं" एवढंच म्हणू शकले, आणि पाच महिने भांडून जिचं नाव यादीतून काढलं होतं त्या इनचार्जच्या नावावर त्या रात्री दोन पेशंट होते.