लिफ्टचा दुसरा हप्ता

सोसायटीचे २,३६,००० रुपये माझ्या हातून गेले. खजिनदार मी. नेटबँकिंगवर नोंद मी केली, मंजुरी सेक्रेटरींनी दिली, ओटीपी आमचे आम्हीच टाकले. कुणी फोन करून काही विचारून घेतलं नाही, कुठल्या लिंकवर बोट लावलं नाही. 'ओटीपी सांगू नका' एवढं पाळलं की झालं, असं मानणारे माझ्यासारखे बरेच असतील. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमची इमारत ठाण्यात, नौपाड्यात. पाच मजले, बावीस बिऱ्हाडं. जुनी लिफ्ट काढून नवी बसवायचं काम वागळे इस्टेटमधल्या एका कंत्राटदाराला दिलं होतं. माणूस चांगला, हे आजही म्हणेन. त्याच्याकडून येणाऱ्या मेलवर नाव त्याच्या फर्मचं असायचं, पण नावावर बोट ठेवलं की खाली पत्ता भलताच निघायचा. कुठल्याशा बिलिंग सॉफ्टवेअरचा, अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक माळ. पहिल्या बिलाला मला ते खटकलं. फोन केला, तर ऑफिसातली मुलगी म्हणाली, "काका, आमचंच आहे ते. बिल सॉफ्टवेअरमधून जातं ना, म्हणून तसं दिसतं." खरंच सांगत होती ती. पैसे भरले, पोचले, पावती आली. आणि तिथेच माझी नजर मेली. या फर्मचा मेल वेड्यावाकड्या पत्त्यावरूनच येतो, हे मी डोक्यात पक्कं करून ठेवलं.

श्रावणात जुनी लिफ्ट उतरवली. प्रत्येक मजल्यावर दाराच्या जागी प्लायवूड ठोकलेलं. चौथ्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा खुर्चीत बसवून खाली आणायला लागायचं. गौरी-गणपतीच्या आत लिफ्ट सुरू करा, म्हणून रोज कुणीतरी जिन्यात मला अडवायचं. अशात मेल आला. दुसरा हप्ता मिळाला की केबिन कारखान्यातून निघेल. मात्र नेहमीच्या खात्याचं ऑडिट चालू असल्याने रक्कम आमच्या 'सिस्टर कन्सर्न'च्या, म्हणजे जोडीच्या फर्मच्या, खात्यात भरावी. सोबत लेटरहेडवर पत्र, शिक्का, रद्द केलेल्या चेकचा फोटो. रक्कम अचूक, दोन लाख अधिक अठरा टक्के जीएसटी. आणि खाली आमचा आधीचा सगळा पत्रव्यवहार जसाच्या तसा. 'केबिनमध्ये आरसा नको, धरायला दांडी हवी' हे मी लिहिलेलं वाक्यसुद्धा त्यात होतं. ते वाचल्यावर शंका कसली घ्यायची?

पत्ता मी पाहिला होता, बरं का. फर्मचं नाव, मग एक आडवी रेघ, मग 'बिलिंग', मग डॉट कॉम. आधीच्या माळेपेक्षा हा कितीतरी सभ्य वाटला. सॉफ्टवेअर बदललं असेल, म्हटलं. तरी खातं बदललंय म्हणून खात्री करून घेतली, आणि कशी? त्याच मेलला उत्तर लिहून. दहा मिनिटांत 'हो सर' आलं. चोराला चोराच्याच दारात उभं राहून विचारलं, 'घर तुमचंच ना?' बँकेच्या स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं, तेही 'सिस्टर कन्सर्न'शी जुळलं. जुळणारच, मेलनेच ते आधी शिकवून ठेवलं होतं.

सहाव्या दिवशी कंत्राटदाराचा फोन. "काका, हप्त्याचं कधी जमतंय?"

मी तसाच खुर्चीत बसून राहिलो. पुढची धावपळ थोडक्यात सांगतो. सायबर फसवणूक कळवायच्या १९३० या नंबरला फोन, सरकारच्या सायबर पोर्टलवर तक्रार, पोलीस, बँक. पैसे पहिल्याच दिवशी त्या खात्यातून पुढे चार खात्यांत गेले होते. एकात १८,४०० रुपये अडकवता आले. बँकेचा मॅनेजर नम्रपणे म्हणाला, "काका, व्यवहार तुम्ही स्वतः केलाय." पहिल्या तासाभरात १९३० ला कळवलं असतं तर जास्त वाचले असते. पण फसलोय हेच ज्याला माहीत नाही, तो कळवणार काय?

तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा ऐरोलीला आयटीत आहे. रविवारी त्याने तो मेल कॉम्प्युटरवर उघडला आणि 'शो ओरिजिनल' दाबून त्यामागचा मजकूर दाखवला. म्हणाला, "काका, मेलला दोन पत्ते असतात. एक पाकिटावरचा, एक आतल्या कागदावरचा. पोचवणारं यंत्र पाकीट वाचतं, तुम्ही कागद वाचता. दोन्ही सारखेच असायला हवेत अशी सक्ती मूळ नियमांत नाही." मेल पोचवायची ही पद्धत १९८२ च्या सुमारास ठरली, तेव्हा वापरणारे मोजके, एकमेकांवर भरवसा असलेले. पाठवणारा खरा का, हे तपासायची सोयच त्यात नव्हती. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तपासण्या नंतर जोडल्या गेल्या.

मग त्याने माझेच बाकीचे मेल उघडले. विम्याच्या पावतीवर 'मेल्ड बाय'पुढे, म्हणजे पाकिटावरच्या पत्त्यात, अमेझॉनएसईएस डॉट कॉम. दुसऱ्या एकावर नावापुढे 'व्हाया' आणि तिसऱ्याच कुणाचं नाव. दोन्ही खरे. हजारो मेल एकदम पाठवायचे तर कंपन्या ते काम भाड्याच्या यंत्रणेला देतात, आणि परत आलेले मेलही तिथेच जमा होतात, म्हणून तो परका पत्ता. म्हणजे परका पत्ता दिसला की फसवणूक, असं नाही. मी उलट्या टोकाला गेलो होतो: परका पत्ता दिसला तरी चालतं.

मला वाटलं, निदान या मेलवर तरी तपासणीत 'फेल' आलं असेल. छे! तिन्ही ठिकाणी 'पास'. कारण आडव्या रेघेचं ते नाव चोरांनी रीतसर विकत घेतलं होतं. हजारभर रुपयांत मिळतं म्हणे. मेल त्याच नावावरून निघालाय एवढंच 'पास' सांगतं, ते नाव कुणाचं हे सांगत नाही. नोंदणीची तारीख मुलाने शोधली. मेल यायच्या नऊ दिवस आधीची. आमचा पत्रव्यवहार त्यांच्याकडे कसा गेला, तेही पुढे कळलं. कंत्राटदाराच्या मेलबॉक्समध्ये कुणीतरी एक नियम बसवून ठेवला होता, येणाऱ्या प्रत्येक मेलची नक्कल बाहेर जायची. दोन महिने त्यांच्या ऑफिसात कुणाच्या ध्यानात नाही.

बँकांचं आता थोडं सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने त्यांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या नावावर जायला सांगितलं होतं आणि ते नाव फक्त बँकांनाच मिळतं. लिफ्टवाला, रंगवाला, वॉटरप्रूफिंगवाला यांच्यासाठी असं काही नाही, आणि सोसायट्यांचे मोठे पैसे जातात ते यांच्याकडेच.

विशेष सभेत मला बरंच ऐकावं लागलं. ते लिहीत नाही. कंत्राटदाराने हप्त्यातले पन्नास हजार सोडले, बाकीचे सोसायटीने पुन्हा भरले. लिफ्ट दिवाळीत सुरू झाली.

गेल्या आठवड्यात तिच्या देखभालीचं बिल आलं. पत्ता तोच, अक्षरं-आकड्यांची माळ. मेलमध्ये फोन नंबर होता, तो सोडून मी करारावर छापलेला नंबर लावला. "काका, आमचंच आहे ते," मुलगी म्हणाली. मी म्हटलं, "असेल गं. खात्याचे शेवटचे चार आकडे सांग." ती हसली, पण सांगितले. मी करारावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवला, मग सेक्रेटरींना खाली बोलावून त्यांच्याकडूनही जुळवून घेतला.