एज ऑफ एम्पायर्स २: रँक्डच्या शिडीवर काही महिने

गेम १९९९ चा आहे, त्यामुळे तो काय आहे हे बऱ्याच जणांना सांगावं लागणार नाही. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून, शेजारी बसलेल्या मित्राच्या स्क्रीनकडे चोरून बघत तो खेळलेली पिढी आता घराचे हप्ते भरते आहे. नव्या मंडळींसाठी एवढंच: सुरुवातीला एक टाउन सेंटर (गावाची मुख्य इमारत), तीन गावकरी, एक स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) आणि आसपास काही मेंढ्या. त्यातून गाव वसवायचं, सैन्य उभं करायचं आणि समोरचा हात टेकेपर्यंत लढायचं. २०१९ च्या नोव्हेंबरात याची डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे नव्याने घडवलेली आवृत्ती आली. मी ती गेल्या पावसाळ्यात स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या सेलमध्ये घेतली आणि तेव्हापासून बहुतेक रात्री जेवणानंतर एक सामना होतोच. ग्राफिक्स आणि मोहिमांवर भरपूर लिहून झालंय. मला बोलायचंय ते फक्त ऑनलाइन खेळण्याबद्दल: समोर कोण येतो, तोच का येतो, आणि त्या गाठीभेटीतून ओळखी होतात का.

रँक्डमध्ये, म्हणजे क्रमवारीसाठी मोजल्या जाणाऱ्या ऑनलाइन सामन्यांत, प्रत्येकाला एक आकडा चिकटतो. सगळे त्याला एलो म्हणतात. अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी ही पद्धत बुद्धिबळासाठी बसवली आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख हिच्या नावापुढे जो आकडा छापून येतो, तो याच कुळातला. अर्थात इथला १५०० आणि बुद्धिबळातला १५०० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, उगाच छाती फुगवू नका. हिशेब असा, की दोघांचे आकडे सारखे असतील तर जिंकण्याची शक्यता निम्मी-निम्मी. शंभरचा फरक असेल तर वरच्याची साधारण ६४ टक्के, दोनशेचा असेल तर ७६, चारशेचा असेल तर ९१. बरोबरीच्या गड्याला हरवलं की १६ गुण मिळतात, हरलो तर तेवढेच जातात. दोनशेने वरचा लोळवला तर २४ च्या आसपास मिळतात, त्याच्याकडून हरलो तर जेमतेम ८ जातात.

सगळ्यांची सुरुवात १००० पासून होते, आणि नवा माणूस इथेच फसतो. १००० हा नवशिक्याचा आकडा नाही, ती अधली-मधली पायरी आहे. तिथला गडी बिल्ड ऑर्डर पाठ करून आलेला असतो: पहिले सहा गावकरी मेंढ्यांवर, पुढचे तीन-चार लाकडावर, मग एकाने रानडुकराला बाण मारून टाउन सेंटरखाली ओढत आणायचं. आपण तोवर घरं बांधायला विसरलेलो असतो, लोकसंख्या अडकलेली असते, आणि त्याचे तीन स्काउट आपल्या लाकूडतोड्यांच्या मागे लागलेले असतात. मी सुरुवातीचे सामने ओळीने हरलो. बरेच जण याच टप्प्यावर गेम अनइन्स्टॉल करून 'लोक फार टॉक्सिक आहेत' असं लिहून मोकळे होतात. जरा दम धरा, एवढंच सांगेन. आकडा खाली जातोय म्हणजे यंत्र तुमची जागा शोधतंय.

माझी जागा आठशेच्या थोडी खाली निघाली, आणि तिथे पोचल्यावर गेम अचानक मजेदार झाला. या पातळीवर समोरचाही घरं बांधायला विसरतो. दोघांचीही टाउन सेंटरं रिकामी बसून असतात. एका सामन्यात मी भिंत बांधून निर्धास्त झालो आणि फाटक बंद करायचं राहिलं. तो त्या फाटकासमोरून दोनदा गेला, त्यालाही ते दिसलं नाही. दुसऱ्या एका सामन्यात माझं सैन्य त्याच्या गावाकडे निघालं, त्याचं माझ्या गावाकडे, दोन्ही वेगळ्या वाटांनी, आणि एकाच वेळी दोघांची गावं जळायला लागली. चाळीस मिनिटांनी मी हरलो, पण उठून पाणी प्यायलो तेव्हा हात थरथरत होते. हजाराच्या पायरीवर असं एकदाही झालं नव्हतं, कारण तिथे पंधराव्या मिनिटाला खेळ खलास. वन-व्ही-वनमधलं, म्हणजे एकास एक सामन्यांतलं, हे मॅचमेकिंग (तोडीचा प्रतिस्पर्धी शोधून देणं) माझ्या मते या गेमची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. पंचवीस वर्षांहून जुन्या गेममध्ये माझ्याइतकाच कच्चा माणूस मला काही मिनिटांत सापडतो.

आता त्याची दुसरी बाजू. मॅचमेकिंगने काम चोख केलं तर तुम्ही निम्मे सामने हरणार. गणितच तसं आहे, पण पचायला वेळ लागतो. तुम्ही सुधारलात की समोरचेही तितकेच सुधारलेले मिळतात, आणि दिवसाअखेर हिशेब तिथल्या तिथेच. पावसाळ्यातला मी आजच्या माझ्यासमोर वीस मिनिटंही टिकणार नाही, पण ते कुठेच दिसत नाही. म्हणून मी आकड्याऐवजी फ्यूडल एजला, म्हणजे गेममधल्या दुसऱ्या युगाला, पोचायची वेळ बघतो. आधी पंधरा मिनिटं लागायची, आता अकराच्या आत होतं. ज्यांना प्रगती डोळ्यांनी बघायची सवय आहे त्यांनी हे जरूर करावं, नाहीतर शिडी चढतोय की ट्रेडमिलवर चालतोय तेच कळत नाही.

याच मुद्द्यावरून कॉल ऑफ ड्यूटी या गोळीबाराच्या गेमचे खेळाडू वर्षानुवर्षं भांडताहेत. रोज बरोबरीचा प्रतिस्पर्धी देऊ नका, कधी तरी आरामात खेळू द्या, असं त्यातल्या अनेकांचं म्हणणं. अ‍ॅक्टिव्हिजनने २०२४ मध्ये त्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला: कौशल्याला दिलेलं वजन कमी केल्यावर अगदी वरचे थोडे खेळाडू वगळता बाकीच्यांचं गेमकडे परत येणं घटलं. कंपनीने स्वतःच्याच गेमवर केलेला प्रयोग आहे, तेव्हा जरा जपूनच वाचावा. पण माझा अनुभव त्याच बाजूचा आहे. आरामात खेळायचं म्हणजे कुणाला तरी आरामात ठोकायचं, आणि तो ठोकला जाणारा कुणीतरी म्हणजे मीच असणार.

शिडीवर खोडसाळ लोकही आहेत. काहींना अरेबिया सोडून दुसरा नकाशा चालत नाही. पसंतीचा नकाशा निवडायची आणि नको ते बॅन करायची सोय आहे, तरीही नावडता आला की लोड होतानाच ऑल्ट-एफ४ मारून पसार. मग पुन्हा रांगेत उभे राहा. स्मर्फ हा दुसरा प्रकार: मुद्दाम हरून किंवा नवं खातं काढून खाली उतरलेला पट्टीचा खेळाडू. आपण फ्यूडलमध्ये धापा टाकत असतो आणि याचे नाइट्स, म्हणजे पुढच्या युगातले चिलखती घोडेस्वार, दारात. असा भेटला की मी लगेच 'जीजी' (गुड गेम, म्हणजे हार मान्य) लिहून बाहेर पडतो. त्याला आनंद कमी मिळतो आणि माझा अर्धा तास वाचतो.

मधेच लाइन जाण्याचं दुखणंही आहेच. आमच्या भागातला इंटरनेटवाला पावसाच्या पहिल्या सरीलाच मान टाकतो, आणि जिंकत आलेले सामने असे हातचे गेलेत. समोरच्याला हसायला गेममध्ये नंबरवार टोमणे आहेत. आकडा टाइप करायचा, आवाज वाजतो. १३ नंबरचा टोमणा याच प्रसंगासाठी आहे: हो हो, दे दोष तुझ्या इंटरनेट कंपनीला. ११ म्हणजे खदाखदा हसणं. या गेमची माणसं चॅटमध्येही 'हाहा' ऐवजी नुसतं ११ लिहितात. १४ म्हणजे 'सुरू करा रे एकदाचं', ३० म्हणजे पाद्रीबुवांचं 'वोलोलो'. भाषा येत नसली तरी एवढ्यावर भागतं. रात्री उशिरा माझ्यासमोर चीन, व्हिएतनाम, आखाती देश इथले खेळाडू येतात, आणि सगळा संवाद चार आकड्यांत होतो. एकाने मला हरवल्यावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, भिंत आधी बांध, बाजार नंतर. मी 'धन्यवाद' म्हणेपर्यंत तो निघून गेला होता. पुन्हा कधी भेटला नाही.

माझी खरी कुरकुर इथे आहे. रँक्ड तुम्हाला तोडीस तोड माणूस आणून देतं आणि सामना संपताच त्याला कायमचा घेऊनही जातं. दररात्री नवा चेहरा, तोही न दिसणारा. ओळख व्हायला तोच माणूस पुन्हा पुन्हा समोर यावा लागतो, आणि यंत्राचं त्याच्याशी काही घेणंदेणं नाही. त्याला आकडा जुळला की झालं.

टीम गेममध्ये हे जास्त बोचतं. त्याचं रेटिंग वेगळं असतं, वन-व्ही-वनच्या आकड्याशी ते ताडून बघू नका. आमच्या जुन्या टोळीतला एक कॅनडात आहे, तो चांगलाच तयारीचा, तेराशेवर खेळणारा. मी आठशे-नऊशेत घुटमळतो. तिसरा चिंचवडचा, त्याला अजून 'गावकरी संपवायचे नसतात' हे पटलेलं नाही. आम्ही तिघं मिळून रँक्डला बसलो की समोरही तशीच खिचडी येते किंवा तिघं सरासरीचे येतात. कागदावर बेरीज बरोबर. खेळताना मात्र समोरचे तिघंही चिंचवडकराच्या दारात जाऊन बसतात, तो "अरे या ना कुणीतरी, मेलो मी!" म्हणून ओरडतो, आणि कॅनडावाला एकटा तिघांशी लढतो. तीनदा असं झाल्यावर चिंचवडकर म्हणाला, "तुम्ही खेळा दोघं, मी बघतो." तो बघायलाही आला नाही.

त्याला परत आणलं ते साध्या लॉबीने, म्हणजे आपण उघडायच्या आणि हवे ते लोक घ्यायच्या खोलीने. अनरँक्ड लॉबीत आकड्याला कुणी विचारत नाही. नकाशा आपण ठरवायचा, बहुतेक वेळा ब्लॅक फॉरेस्ट, म्हणजे दाट जंगल आणि अर्धा तास निवांत बांधकाम. शनिवारी रात्री डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर आवाज सुरू करून आम्ही बसतो. कॅनडात तेव्हा सकाळ असते, तो चहा घेऊन येतो. नियम घरचे: तेराशेवाल्याने भिंत बांधायची नाही आणि पहिला हल्ला चिंचवडकरावर करायचा नाही. मॅचमेकिंगच्या हिशेबाने हे सामने टाकाऊ आहेत, कोण जिंकणार हे दहाव्या मिनिटाला ठरलेलं असतं. तरी लॉबीत हळूहळू बाहेरची माणसं जमली. एक इंदूरचे काका आहेत, ते फक्त किल्ले बांधतात, लढत नाहीत. ते नसले की चुकल्यासारखं होतं.

कच्च्या खेळाडूंना इथे हिणवत नाहीत, याचं थोडं श्रेय यूट्यूबवरच्या टी९० या समालोचकाला द्यायला हवं. त्याच्या 'लो एलो लेजंड्स' मालिकेत आमच्यासारख्यांच्या सामन्यांचं समालोचन असतं, तेही विश्वचषकाची फायनल असल्याच्या थाटात. ते बघून मी रँक्डचं बटण दाबायचं धाडस केलं होतं.

घ्यायचा विचार असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. रँक्डआधी गेम तुमच्या मशीनची चाचणी घेतो आणि त्यात १००० गुण लागतात. माझ्या साध्या ऑफिस लॅपटॉपने ते सेटिंग खाली आणल्यावर दिले. 'आर्ट ऑफ वॉर' नावाचे सरावाचे धडे आहेत, ते शिडीवर चढण्याआधी उरकून घ्या. दोस्तांसोबतच खेळायचं असेल तर रँक्डच्या नादी लागू नका, सरळ लॉबी काढा. एकटे असाल, रोज तासभरच मिळत असेल, तर वन-व्ही-वनला तोड नाही. विस्तार-पॅकांची घाई नको. एप्रिल २०२२ चा 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' मात्र मी घेतला: द्रविडियन, बंगाली, गुर्जर अशा तीन नव्या संस्कृती, शिवाय राजेंद्र चोळ, बाबर आणि देवपाल यांच्या मोहिमा. मराठे नाहीत, गेमचा काळ त्यांच्या आधीच संपतो. रँक्डला मी अजून हिंदुस्तानी ही संस्कृतीच घेतो, कारण त्यांचे गावकरी स्वस्त पडतात आणि माझे भरपूर मरतात.