शिक्का पाहिला, बूड पाहिलं नाही

18,500 हाँगकाँग डॉलर जुन्या म्हणून घेतलेल्या चिनी मातीच्या बरणीचे, वर 1,200 तपासणीचे. रुपयांत दोन लाखांहून जास्त गेले आणि हाती राहिली अलीकडची नक्कल. लिहायची लाज वाटते, पण इथे हाँगकाँगला नोकरीला आलेली आपली माणसं सुट्टीच्या दिवशी हॉलिवूड रोडला, जुन्या वस्तूंच्या दुकानांत, जातातच, म्हणून लिहितेय.

जिंजर जार म्हणतात तसली झाकणाची बरणी. निळ्या जमिनीवर तडकलेल्या बर्फाची नक्षी, पांढरी प्लमची फुलं. बुडाशी शिक्का: दुहेरी वर्तुळात चीनच्या कांगशी बादशहाच्या नावाची सहा अक्षरं, म्हणजे काळ 1662 ते 1722. मी काही अडाणी नव्हते, चार वर्षं वाचतेय. 1677 मध्ये जिंगदेझेनच्या, म्हणजे जिथे ही भांडी बनत त्या गावच्या, अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचं नाव घालायला बंदी केली. म्हणून त्या काळच्या कितीतरी अस्सल भांड्यांवर नुसती रिकामी वर्तुळं असतात, आणि एकोणिसाव्या शतकातल्या मालावर मात्र हे नाव सर्रास. सगळं पाठ होतं! तरी त्या अक्षरांवर भुलले.

बरणी उलटी धरली तेव्हा बुडाच्या बिनझिलईच्या कडेचा तपकिरी रंग माझ्या अंगठ्याला लागला. तीनशे वर्षांचा मळ असा बोटाला येतो का? दुकानदाराने लगबगीने फडक्याने कड पुसली, ‘धूळ आहे’ म्हणाला, चहा पुढे केला. मी अंगठा रुमालाला पुसला आणि कार्ड काढलं. तो अंगठा अजून झोपू देत नाही.

थर्मोल्युमिनेसन्स चाचणीचं, म्हणजे भांडं किती वर्षांपूर्वी भाजलं ते सांगणाऱ्या चाचणीचं, प्रमाणपत्रही दुकानदाराने दिलं होतं. त्या चाचणीला भांड्याला बारीक भोक पाडून नमुना काढावा लागतो. माझ्या बरणीला भोकच नाही! प्रमाणपत्र दाखवलं की आधी भोक शोधा. तपासणाऱ्याने भिंगातून ओरखडे दाखवले, सगळे एकाच दिशेचे, पॉलिशपेपरचे. वापराचे ओरखडे वेडेवाकडे असतात.

पोलिसांकडे तीन फेऱ्या मारल्या. दरवेळी नवा माणूस, दरवेळी पहिल्यापासून सांगा. शेवटी विचारलं, बिलावर काय लिहिलंय? ‘निळी-पांढरी बरणी, शिक्क्यासह.’ मग हा दिवाणी मामला, जा. ग्राहक तक्रारीवाल्यांनी सात आठवडे बसवून ठेवलं आणि कळवलं, दुकानदार उत्तर देत नाही, सबब प्रकरण बंद. अहो, तो उत्तर देत नाही म्हणूनच तर तुमच्या दारात आले! मग तुम्ही बसलाय कशाला?

बिलावर काळ आणि सालं लिहून घ्या. दुकानदार कांकू करू लागला की तिथून उठा. लहान दाव्यांच्या न्यायाधिकरणात 75,000 डॉलरपर्यंत वकिलाशिवाय दावा लावता येतो, हेही मला कुणी सांगितलं नाही. परवा अर्ज भरलाय. त्या दुकानाच्या काचेत आता तशीच दुसरी बरणी ठेवली आहे.