घरी सीएनसी मिलिंग बनवायचंय? तयार किट, प्रिंटेड जोड, स्टील पाईप की जुनं मशीन

ठाणे नवी मुंबईकडे फ्लॅटमध्ये राहून स्वतःचं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमावर कटर फिरवून कापणारं मशीन, बनवायचं डोक्यात आलं की बहुतेक जण पहिला प्रश्न कंट्रोलरचा, म्हणजे मोटरींना हुकूम देणाऱ्या बोर्डाचा काढतात, अर्डुइनो घेऊ की मॅक३ वाला बोर्ड घेऊ वगैरे, आणि माझं म्हणणं आहे की तो प्रश्न सगळ्यात शेवटी आला तरी चालेल. कंट्रोलर कधीही बदलता येतो, वायरी काढा, दुसऱ्या बोर्डात लावा, सेटिंग भरा, झालं. सांगाडा बदलायचा म्हणजे मशीनच नवीन बनवायचं. म्हणून इथे चार रस्ते सांगाड्यावरून शेजारी शेजारी ठेवतोय आणि चौघांना काम एकच देतोय: १० मिमी जाड ॲल्युमिनियम प्लेट, त्यात ६०८ बेअरिंग बसेल असा गोल खड्डा, म्हणजे २२ मिमी व्यास आणि ७ मिमी खोली. दिसायला चिल्लर काम आहे पण मशीनचं खरं खोटं त्यातच कळतं, कारण बेअरिंग एकतर अंगठ्याने दाबून नीट बसतं, नाहीतर खुळखुळतं, नाहीतर बसतच नाही.

पहिला रस्ता, ३०१८ किट. ऑनलाईन साधारण पंधरा ते पंचवीस हजारात येतं, बेड ३०० बाय १८० मिमी, झेड म्हणजे वरखाली हालचाल जेमतेम ४५ मिमीच्या आसपास, ॲल्युमिनियम प्रोफाईलचा छोटा सांगाडा, गोल रॉड, ७७५ ची डीसी मोटर आणि तिला कटर पकडायला ईआर११ कोलेट. टेबलावर मावतं, आवाज सहन होण्यासारखा, घरच्यांची तक्रार नाही. आपलं बेअरिंगचं काम याला दिलं तर ते करेल, पण एका पासमध्ये, म्हणजे एका थरात, ०.१ ते ०.१५ मिमी एवढंच खाणार, म्हणजे ७ मिमी खोलीला पन्नासेक पास, आणि शेवटी खड्डा गोल येईलच असं नाही. अक्ष हलवणारा स्क्रू उलट दिशेला फिरतो तेव्हा नटमधला जो प्ले म्हणजे सैलपणा असतो तो गोलाच्या चार जागी, जिथे अक्ष दिशा बदलतो, तिथे छोट्या पायरीसारखा उमटतो. बोट फिरवून बघा, लगेच लागतो.

पण म्हणून ३०१८ ला नावं ठेवायची नाहीत. पीसीबी म्हणजे सर्किट बोर्ड कोरायचा असेल तर लाखाच्या मशीनपेक्षा हेच सोयीचं, कॅन्डल सारख्या सॉफ्टवेअरमध्ये हाईट मॅप घेतला, म्हणजे बोर्डाची उंची जागोजागी मोजून घेतली की बोर्ड थोडा वाकडा असला तरी तांब्याचा थर सगळीकडे सारखा कापला जातो. आणि ज्याने आयुष्यात कधी जी-कोड (मशीनला द्यायच्या हालचालींच्या सूचना) पाहिला नाही, झिरो कुठे धरायचा, जॉब कसा पकडायचा, कॅम (ड्रॉइंगवरून जी-कोड बनवणं) म्हणजे काय हेच माहीत नाही त्याने शिकायला हे घ्यावं, कटर तुटला तर शंभर दोनशेचा तुटतो आणि मोटरमध्ये इतका जोर नसतो की मोठं काही बिघडेल. फक्त याच मशीनला हळूहळू अपग्रेड करत ॲल्युमिनियमचं मशीन बनवू असा विचार असेल तर तो सोडा, आधी स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, बदलाल, मग त्याच्या वजनाने झेड झुकेल, मग झेड बदलाल, मग रॉड वाकतायत हे दिसेल, पैसे जातात आणि मशीन तिथेच राहतं.

दुसरा रस्ता थ्रीडी प्रिंट केलेले जोड आणि २५ मिमीचे स्टीलचे गोल पाईप, एमपीसीएनसी म्हणतात ते डिझाईन. घरी प्रिंटर असेल तर बरंचसं मशीन घरातच छापून होतं, मोटर, पट्टे, बेअरिंग, कटर फिरवायला सुतारी ट्रिमर आणि बोर्ड धरून चाळीस ते साठ हजारात जुळवता येतं, कुठली मोटर आणि कुठला ट्रिमर घेता त्यावर आहे. याची खरी ताकद क्षेत्रफळात आहे. चार बाय दोन फुटांची प्लायची शीट कापायचीय, नेमप्लेट, ॲक्रिलिकचे बोर्ड, गणपतीचं मखर, यासाठी इतक्या पैशात दुसरं काही एवढं मोठं मिळत नाही. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आल्यापासून प्लाय आणि एमडीएफच्या मखरांना चांगली मागणी आहे, त्यामुळे हौसेतून दोन पैसे काढायचे असतील तर हा रस्ता वाईट नाहीच.

अडचण दोन ठिकाणी. एक म्हणजे पट्टा, तो ताणला जातोच, कितीही आवळा. दुसरं म्हणजे पीएलए, प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक. साठ अंशाच्या आसपास तो मऊ व्हायला लागतो आणि त्याच्या खालीही सतत ताण असेल तर हळूहळू सरकतो, स्टेपर मोटर व्यवस्थित करंट दिला की पन्नासच्या वर सहज जाते, त्यात मे महिन्यातली बंद केलेली बाल्कनी, म्हणजे मोटरजवळचे जोड सैल पडणारच, स्क्रू परत परत आवळत बसायचं. बेअरिंगचा खड्डा याच्यावर होतो, मशीन लहान आकाराचं ठेवलं तर बऱ्यापैकी होतो, पण मोठ्या शीटसाठी बनवलेल्या मशीनवर पाईप मधोमध वाकतो आणि कटर किरकिरायला लागतो.

इथे थोडं थांबून किरकिरण्याचं सांगतो कारण खरा निर्णय इथेच होतो. ॲल्युमिनियमला एका धारेचा कटर १८,००० आरपीएमला फिरतोय आणि एका फेरीत त्याने ०.०३ मिमी चिप काढावी असं धरलं तर फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, होते १८,००० गुणिले १ गुणिले ०.०३, म्हणजे मिनिटाला ५४० मिमी. कमजोर मशीनवर माणूस काय करतो तर घाबरून फीड निम्म्यावर आणतो, आरपीएम तेवढाच ठेवतो. मग धार कापत नाही, नुसती घासते, गरम होते, ॲल्युमिनियम वितळल्यासारखं धारेला चिकटतं आणि कटर टणकन तुटतो. म्हणजे सांभाळून चालवलं म्हणून तुटला. मशीन ताठ असेल तरच योग्य फीड देता येते, ताठपणाचा उपयोग फक्त मापासाठी नसतो.

आणि ताठपणाचा हिशोब असा आहे की स्टील ॲल्युमिनियमपेक्षा साधारण तिप्पट ताठ, एमडीएफच्या तर पन्नासपटीच्या आसपास. पण त्याहून मोठी गोष्ट लांबीची. गँट्रीचं, म्हणजे कटर वाहून नेणाऱ्या आडव्या पुलाचं, वाकणं लांबीच्या घनाने वाढतं, म्हणजे १२०० मिमीची गँट्री ६०० ची केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं. एवढा फायदा पैसे खर्च करून मिळत नाही, उलट पैसे वाचून मिळतो! तरीही जो तो पहिलंच मशीन चार बाय चार फुटांचं करायला बघतो, कधीतरी मोठं काम आलं तर असावं म्हणून.

म्हणून माझा कौल तिसऱ्या रस्त्याला, आणि तोही लहान आकारात. स्टीलच्या चौकोनी पाईपचा सांगाडा, त्यावर लिनिअर रेल (ब्लॉक सरकण्याची सरळ पट्टी) आणि बॉलस्क्रू (नटमध्ये गोळ्या असलेला, प्ले अगदी कमी असलेला स्क्रू), प्रिंटएनसी नावाचं खुलं डिझाईन याच पद्धतीचं आहे, त्यातही काही जोड प्रिंट केलेले असतात पण ताकद स्टीलची असते. आपल्याकडे याचा फायदा असा की कळंबोलीचं लोखंड मार्केट जवळ आहे आणि तिथे बॉक्स पाईप हवा त्या मापाचा मिळतो, १०० बाय ५० चा ३ मिमी जाडीचा घेतला तर मीटरला साधारण साडेसहा किलो. पूर्ण पाईप ६ मीटरचा असतो, ४०० बाय ४०० कामाच्या जागेचं मशीन असेल तर एक दोन पाईपात काम उरकतं, तिथेच किंवा तुर्भे रबाळेकडे कोणा फॅब्रिकेटरकडून बँडसॉवर तुकडे करून घ्यायचे, कटर व्हीलवर नको, टोकं काटकोनात येत नाहीत.

पाईप निवडताना एक बघायचं. या पाईपच्या एका बाजूला लांबीभर वेल्डिंगची रेष असते, हाताला लागते, कधी निळसर पट्टा दिसतो. ती बाजू रेलखाली अजिबात घ्यायची नाही. बाकीच्या बाजूही सपाट नसतातच, पट्टी उभी धरून पलीकडून टॉर्च मारला की मधे उजेडाची फट दिसते. तीन उपाय आहेत, पत्र्याच्या शिम घालून डायल गेज लावून रेल सरळ करायची, किंवा पातळ इपॉक्सी ओतून सपाट पृष्ठभाग करून घ्यायचा, किंवा वागळे इस्टेटमध्ये एखाद्या मिलिंगवाल्याकडे देऊन वरची बाजू हलकीशी मारून घ्यायची. मला तिसरा सगळ्यात पटतो, थोडे पैसे जातात पण आयुष्यभराची कटकट मिटते. फक्त पाईपची भिंत ३ मिमीच आहे, रेलच्या एम५ बोल्टना आटे तिथेच पाडायचेत, तेव्हा मारताना अर्ध्या मिमीच्या वर जाऊ देऊ नका. आणि सांगाडा शक्यतो बोल्टने जोडा. वेल्डिंगने स्वस्त पडतं पण गरम होऊन ओढला जातो आणि मग काटकोन शोधत बसायचं, सुताराचा गुण्या लावून हे जमत नाही, दोन्ही कर्ण मोजून सारखे करायला लागतात.

रेल एचजीआर२०, स्क्रू १६०५, म्हणजे १६ मिमी व्यास आणि एका फेरीला ५ मिमी, मोटर नेमा २३. झेडवर पैसे वाचवू नका, सगळ्यात जास्त लटकणारा भाग तोच. स्पिंडल वॉटर कूल्ड घ्या, दीड किंवा २.२ किलोवॅट, व्हीएफडीवर (स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह) ४०० हर्ट्झला २४,००० आरपीएम जातं. सोसायटीत राहणाऱ्याला हे मी आग्रहाने सांगेन, सुतारी ट्रिमर ३०,००० आरपीएमला जो किंचाळतो त्यात वरचा खालचा सगळा मजला जागा होतो, वॉटर कूल्ड स्पिंडल त्यामानाने गुपचूप फिरतो, मग फक्त कापण्याचा आणि व्हॅक्यूमचा आवाज उरतो. बेअरिंगचा खड्डा या मशीनवर अर्धा ते एक मिमीचे पास घेत, शेवटी भिंतीवर ०.२ मिमी ठेवून एक फिनिश पास मारला की बेअरिंग अंगठ्याने बसतं. खर्च मात्र लाखाच्या वर धरा. स्टील नियमित कापायची अपेक्षा ठेवू नका, हे स्पिंडल कमी आरपीएमला जोर धरत नाही.

स्टीलच कापायचं असेल तर चौथा रस्ता, जुनं हाताचं मिलिंग मशीन घेऊन त्याला मोटरी बसवणं. वागळे किंवा रबाळे महापेकडे एखादा गाळा बंद होतो तेव्हा छोटी मशीनं निघतात. बीडाचं अंग असतं, थरथर पिऊन टाकतं, स्पिंडल हळू फिरतो पण जोर भरपूर. घेताना टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हँडलने फिरवून बघा, टोकांना जड आणि मधे सैल लागलं तर डोव्हटेल (टेबल सरकण्याच्या खाचा) आणि स्क्रू मधेच झिजलेत, कारण सगळं काम टेबलाच्या मधल्या भागातच होत आलेलं असतं. मधला प्ले काढायला आवळलं तर टोकं जाम होतात. त्यावर सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश, म्हणजे हाच प्ले, भरून काढू असं कोणी म्हणेल, लिनक्ससीएनसी या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे, अर्डुइनोवरच्या जीआरबीएलमध्ये नाही, पण ती सोय माप सुधारते, कटर टेबलाला ओढतो ते थांबवत नाही. बॉलस्क्रू घालावेच लागतात. आणि हे फ्लॅटमध्ये चढवायचं नाही, गाळा किंवा तळमजला हवा. स्वस्त पडेल म्हणून बेंच ड्रिल मशीनचं मिलिंग करू नका, तिचा चक नुसता टेपरवर अडकलेला असतो, बाजूने जोर आला की फिरता फिरता निसटतो, यात गंमत नाहीये.

कंट्रोलरचं आता थोडक्यात. अर्डुइनोवरचं जीआरबीएल सेकंदाला ३०,००० पल्स देतं (एका पल्सला मोटर एक छोटं पाऊल सरकते), १६०५ स्क्रूला ८ मायक्रोस्टेपवर, म्हणजे मोटरच्या प्रत्येक पावलाचे आठ भाग केले तर, मिमीला ३२० पल्स लागतात, म्हणजे मिनिटाला साडेपाच हजार मिमीपर्यंत वेग, घरच्या मशीनला भरपूर. पुढे ईएसपी३२ बोर्डावर फ्लुइडएनसी हे सॉफ्टवेअर टाका वाटलं तर. मोटरचा ड्रायव्हर टीबी६६०० पेक्षा डीएम५४२ घ्या, किमतीत फरक थोडा आहे, मोटर शांत चालते.

व्हीएफडीने मात्र घरात भांडण लागू शकतं. त्याच्या फिल्टरमधून अर्थिंगला थोडा करंट जातच असतो आणि फ्लॅटमधला ३० मिलीॲम्पचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, त्यावर पडू शकतो, फ्रीजसकट सगळं बंद. काहीही झालं तरी अर्थिंग काढून चालवायचं नाही, इलेक्ट्रिशियनकडून मशीनला वेगळी लाईन आणि वेगळा ईएलसीबी घ्या. स्पिंडलची केबल जाळीवाली घ्या आणि लिमिट स्विचच्या वायरींपासून लांबून न्या, नाहीतर स्विच न दाबता मशीन मधेच थांबेल. पावसाळ्यात खाडीकडची हवा रेलवर गंज आणते, आठवड्यातून एकदा तेलाचा फडका मारा, एमडीएफचा बेड असेल तर तो फुगतो, जून जुलैत वरून परत एकदा सपाट मारून घ्यावा लागतो.

वर्षाला चार पाच पार्टच हवे असतील आणि मशीन बनवण्याची हौस नसेल तर यातलं काहीच करू नका, रबाळे किंवा वागळेत व्हीएमसीवर, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या सीएनसी मिलिंग मशीनवर, जॉब वर्क करून घ्या. ज्याला बनवायचंच आहे त्यानेही गँट्रीच्या आणि झेडच्या प्लेटी तिथूनच कापून घ्याव्यात. फक्त क्रम सांभाळा: आधी रेल, स्क्रू आणि बेअरिंग ब्लॉक मागवा, ते हातात आले की व्हर्नियरने प्रत्यक्ष मोजा, ड्रॉइंग त्या मापांनी दुरुस्त करा आणि मग कळंबोलीला जा, कारण स्वस्तातल्या रेलचे आणि ब्लॉकचे होल कधीकधी कॅटलॉगपेक्षा वेगळे निघतात आणि कापलेला पाईप काही लांब होत नाही.