पारदर्शक पट्टीचं होकायंत्र: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दादरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात मी "कंपास आहे का?" विचारलं तेव्हा त्या भल्या माणसाने पत्र्याची पेटी पुढे केली, आत कर्कटक, गुण्या, कोनमापक, सगळं. चूक त्याची नाही. मराठीत कंपास म्हटलं की दहावीची भूमितीच आठवते. "दिशा बघायचं" म्हटल्यावर त्याने गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवायचा एक गोळा दाखवला. शेवटी ऑनलाइन घेतलं, तेही दोनदा.

पहिलं होतं पितळी, झाकणाचं, फौजी थाटाचं, अडीचशे रुपयांना. दिसायला झकास. पण आत द्रव नव्हता, त्यामुळे सुई पाळण्यासारखी झुलत राहायची. थांबलीच तर डबीच्या तळाला टेकून थांबायची. तेरा दिवसांत ते शोकेसमध्ये गेलं. दुसरं घेतलं ते आजवर वापरतेय: पारदर्शक प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर फिरणारी द्रवभरली डबी, लाल-पांढरी सुई, गळ्यात अडकवायची दोरी. या जातीचा जन्म १९३०च्या दशकात स्वीडनमधला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सांगायचंय ते या जातीबद्दल आहे, आणि चार नावाजलेल्या कंपन्यांची यंत्रं हातात घेतली तर फरक उन्नीस-बीसचा. मला तीन हजाराच्या आत पडलं. आरसा नाही, उतार मोजायची सोय नाही.

घेताना मी दोनच गोष्टी पाहिल्या आणि दोन्हींचा उपयोग झाला. पहिली म्हणजे सुईचा तोल. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आडवं नसतं, ते जमिनीत शिरत जातं. स्वीडनकडे ते सत्तर अंशांहून जास्त खाली वळलेलं, मुंबईत पंचवीसच्या आसपास. तिकडच्यासाठी तोललेल्या सुईची दक्षिण बाजू मुद्दाम जड ठेवलेली असते, त्यामुळे इथे ती मागून बसते. माझ्या खोक्यावर 'उत्तर गोलार्ध' लिहिलंय आणि खरंच, पांढरं, म्हणजे दक्षिणेचं, टोक किंचित खाली झुकतं. यंत्र सपाट धरलं तर सुई मोकळी फिरते, पळताना किंवा धाप लागलेली असताना घासते. जगात कुठेही चालणाऱ्या 'ग्लोबल' सुईचं महाग मॉडेल मिळतं, पण कर्जत-कसाऱ्याच्या पलीकडे न जाणाऱ्या बाईला ते कशाला?

दुसरी म्हणजे पट्टीच्या कडेवरची मापं. काही मॉडेलांवर १:२४,००० असतं, ते अमेरिकन नकाशांसाठी. आपल्याला १:५०,००० हवं. सर्व्हे ऑफ इंडियाची ओपन सिरीजची शीट त्याच प्रमाणाची असतात, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, वीस मीटरला एक समोच्चरेषा. २०१७पासून ती आधार क्रमांक देऊन मोफत उतरवता येऊ लागली. मी भांडुप स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली आणि आठवडाभर माप जुळेना. यंत्र खराब, नकाशा चुकीचा, मी ढ, सगळे संशय घेऊन झाले. मग नकाशातलीच किलोमीटरची पट्टी फूटपट्टीने मोजली. दोन सेंटिमीटरऐवजी एक पॉइंट आठ! त्या पोराने सवयीने कागदात 'बसवून' छापलं होतं. आता काउंटरवर उभं राहून सांगते: शंभर टक्के साइज, कडा कापल्या गेल्या तरी चालतील. आणि तिथल्या तिथे मोजते.

सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर आणि ध्रुवाकडची खरी उत्तर यांतल्या फरकावर परदेशी व्हिडिओंमध्ये अर्धा अर्धा तास घालवतात, तो फरक जुळवायच्या स्क्रूचे वेगळे पैसे घेतात. मुंबई-सह्याद्रीत हा फरक एक अंशसुद्धा नाही. विसरून जा.

विसरू नये असं वेगळंच आहे. घेतलं त्या संध्याकाळी मी बिल्डिंगच्या गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीपाशी उत्तर एकीकडे, जिन्याच्या दाराशी दुसरीकडे, मधे चांगला वीस अंशांचा फरक. परत करायचा फॉर्म भरायलाच घेतला होता. नवरा म्हणाला, "अगं, स्लॅबमध्ये सळया आहेत." रविवारी शिवाजी पार्कच्या मधोमध उभी राहिले तर सुई तीन सेकंदांत स्थिर. चार पावलं इकडे, चार तिकडे, तीच उत्तर. थोडी शरम वाटली, पण सोबतीला मोठी मंडळी आहेत. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. मुंबईच्या ट्रामगाड्या घोड्यांवरून विजेवर जाणार असं ठरलं तेव्हा त्या विजेने नोंदी बिघडतील म्हणून ते काम अलिबागला हलवावं लागलं, १९०४मध्ये. ट्राम विजेवर धावली १९०७ला. म्हणजे या शहराने होकायंत्राला आधीच हद्दपार केलंय, मग माझी गच्ची काय चीज!

गडावरसुद्धा लोखंड पाठ सोडत नाही: रेलिंग, शिड्या, कमरेची स्टीलची बाटली, हातातला मोबाइल. आणि आपला कातळ. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकी लोहखनिज असतं. उघड्या धारेवर वीज पडलेल्या खडकाचा तुकडाच्या तुकडा चुंबक होऊन बसलेला असू शकतो. मी एकदा बूड टेकायला म्हणून बसले आणि यंत्र शेजारच्या दगडावर सपाट ठेवलं, चांगलं स्थिर राहील म्हणून. छातीशी धरलं तेव्हा उत्तर दहा अंश सरकली. तेव्हापासून नियम असा: खडकावर ठेवायचं नाही, उभं राहून घ्यायचं, शंका आली तर पाच-सात पावलं सरकून पुन्हा घ्यायचं.

पहिली मोठी चूक जुलैत झाली, माथेरानला चढताना लागणाऱ्या गार्बेटच्या पठारावर. भिवपुरी रोडला उतरून धरणाच्या बाजूने वर चढलो तोवर सगळं ठीक. पठारावर ढग उतरला आणि दहा फुटांवरचा माणूस सावली झाला. मी मोठ्या ऐटीत नकाशावर पट्टी ठेवली, डबी फिरवली, कोन घेतला (जायची दिशा उत्तरेपासून किती अंशांवर ते), निघालो. वीस मिनिटांनी ग्रुपमधले काका म्हणाले, "माथेरान वर आहे ना? आपण उतरतोय." डबीच्या तळावरच्या रेघा मी नकाशाच्या उत्तरेऐवजी दक्षिणेकडे लावल्या होत्या. बरोब्बर १८० अंशांची चूक! सूर्य असता तरी फार मदत झाली नसती. घड्याळाच्या काट्याने दक्षिण शोधायची युक्ती पुस्तकात असते, पण मुंबईवर मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडून जातो. जूनमध्ये ती युक्ती तुम्हाला सरळ उलटीकडे नेईल.

त्यानंतर घरी भाच्याला शिकवताना माझंच पक्कं झालं. डबीच्या तळाशी एक लाल चौकट रंगवलेली असते, तिला आम्ही गोठा म्हणतो. पट्टीचा बाण जायचंय तिकडे, गोठ्याचं तोंड नकाशाच्या वरच्या बाजूला. मग यंत्र छातीशी धरून स्वतः गोल फिरायचं, लाल सुई गोठ्यात शिरेपर्यंत. डबी फिरवायची नाही, आपण फिरायचं. "बैल आला," भाचा ओरडतो. सहावीतला मुलगा दोन दिवसांत शिकला, मला एक पावसाळा लागला.

आता खरं काय ते. परदेशी शिकवणीत कोन घेतला की नाकासमोर चालत सुटतात. आपल्याकडे तसं चाललात तर पंधराव्या मिनिटाला कडा येईल. सह्याद्रीत वाट ठरवते ती घळ, सोंड आणि खिंड, सुई ठरवत नाही. म्हणून पहिले दोन महिने मला वाटलं की पैसे पाण्यात गेले. यंत्राचा खरा उपयोग कळला तो ढोरवाटांमुळे. कारवीच्या किंवा झाडीच्या रानात एका वाटेच्या तीन होतात, तिन्ही सारख्याच मळलेल्या, त्यांतल्या दोन गुरांनी चरता चरता पाडलेल्या. तिथे विचारायचं एवढंच असतं: यांतली कुठली माझ्या दिशेची?

डिसेंबरात प्रबळगडावर हेच झालं. ठाण्याहून पनवेल, तिथून ठाकूरवाडी, प्रबळमाची, घळीने वर. माथ्यावर दाट रान आहे, समोरचा डोंगर दिसत नाही की खालचं गाव दिसत नाही. घळीच्या तोंडाशी मी थांबले आणि वहीत लिहिलं: 'घळ ते पडका चौथरा, २१०, आठ मिनिटं.' बाकीचे हसले. तीन तास भटकून परत चौथऱ्याशी आलो तर समोर तीन वाटा. दोघांच्या मोबाइलमध्ये ट्रॅक होता, पण उभं राहिलं की बाण स्वतःभोवती फिरायचा, आणि ट्रॅकची रेघ तिन्ही वाटांना धरून होती. सगळ्यात रुंद वाट 'हीच ती' असं तिघांचं मत. परतीची दिशा बरोबर उलटी, म्हणून मी २१० मधून १८० वजा केले, ३० वर डबी लावली, बैल गोठ्यात आणला. रुंद वाट जवळजवळ पूर्वेला जात होती, शंभराच्या पुढे. अरुंद, पानांनी झाकलेली वाट चाळीसच्या आसपास. तिने निघालो. सात मिनिटं झाली तरी घळ दिसेना तेव्हा पोटात गोळा आला होता हे कबूल करते. नवव्या मिनिटाला खाली माचीवरचा कोंबडा ऐकू आला.

त्याच गडाच्या कडेवरून उलट प्रयोगही केला. तीन ओळखीचे डोंगर घ्यायचे, प्रत्येकाचा कोन, नकाशावर रेघा, जिथे छेदतील तिथे आपण. नैर्ऋत्येला कर्नाळ्याचा अंगठा, दक्षिणेला इर्शाळ, पूर्वेला माथेरानचं एक टोक. रेघा एका बिंदूत आल्या नाहीत, मधे त्रिकोण उरला. दोष कर्नाळ्याच्या रेघेचा. एक अंश चुकला की किलोमीटरमागे सतरा-अठरा मीटर घसरतात, आणि कर्नाळा पंधराएक किलोमीटर लांब. माझा हात दोन अंश तरी इकडे-तिकडे होतोच. जवळचे डोंगर घ्यावेत. इथे आरशाचं मॉडेल हवं होतं असं एकदाच वाटलं, कारण त्यात डोंगर आणि सुई एकत्र दिसतात. तरी पुन्हा घ्यायचं झालं तर साधंच घेईन.

मोबाइल मी सोडलेला नाही. आपण कुठे आहोत ते तो चांगलं सांगतो, नेटवर्क नसलं तरी, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवलेला हवा. पण पावसात ओल्या बोटांनी पडदा ऐकत नाही, आणि तोंड कुठे आहे ते सांगताना तो अडखळतो. ते काम गळ्यातल्या तीस ग्रॅमला.

झीज म्हणाल तर डबी तांबड्या मातीने करकरायला लागली होती, नळाखाली धुतल्यावर सुटली. द्रवात मुगाच्या डाळीएवढा बुडबुडा आलाय, त्याने सुईला काही होत नाही, वाढला तर बघू. दोरीला पावसाळ्यात बुरशी आली, फेकून बुटाची नाडी बांधली. एक प्रसंग माझ्या निष्काळजीपणाचा: ऑक्टोबरात यंत्र महिनाभर बॅगेच्या त्याच कप्प्यात राहिलं जिथे कानातल्या इयरबड्सची डबी ठेवते. तिच्या झाकणात चुंबक असतो. सुई सुस्त झाली, उत्तर दाखवायची पण आळसून. भाच्याच्या विज्ञानाच्या पेटीतल्या पट्टीचुंबकाचं दक्षिण टोक डबीवरून मधून लाल टोकाकडे आठ-दहा वेळा फिरवलं, मग ताळ्यावर आली. आता ते फ्रिजपासूनही लांब, दाराच्या मागच्या लाकडी खुंटीला लटकतं.

आणि डास. डासांचं मलम लावलेल्या बोटांनी मी डबी फिरवत राहिले. त्या मलमात डीट असतं, ते प्लास्टिकवरची छपाई खातं. २०० ते २४० मधले आकडे जवळजवळ गेलेत. पावसाळ्याआधी बारीक टोकाच्या परमनंट मार्करने ते परत लिहायचेत. भाच्याने आगाऊ सांगून ठेवलंय की २१० तो लिहिणार.