सायलेन्सर न काढता घेतलेली रायफल

सेकंडहँड रायफल घेणार असाल तर पैसे देण्याआधी तिच्या तोंडावरचा सायलेन्सर काढायला सांगा. विकणाऱ्याने ‘कशाला?’ म्हटलं तर पैसे खिशातच ठेवून घरी या. मी सांगितलं नाही. त्यात माझे पैसे गेले आणि एका हरणाचे हाल झाले.

मी मूळचा कराडचा, आता न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डनीडनला राहतो. आमच्याकडे शिकार म्हणजे पणजोबांच्या गोष्टी. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता चितळावर बंदूक रोखली की थेट तुरुंग. इथे सगळं उलटं. हरीण हा या देशातला मूळचा प्राणीच नव्हे. गोऱ्यांनी आणून सोडलं, ते माजलं, आता जंगल खातं. म्हणून सरकारी जंगलात फुकट परवाना काढून ते मारता येतं. फॅलो जातीची हरणं १८६४ मध्ये नेल्सनला आली आणि काही वर्षांतच आमच्या ओटागो प्रांतातल्या ब्लू माउंटन्स डोंगरांतही सोडली गेली. उन्हाळ्यात अंगावर पांढरे ठिपके, लांबून पाहिलं तर चितळच वाटावं. शिंगं मात्र तळहातासारखी पसरट. मटण कोवळं, चरबी जवळजवळ नाही. कामावरच्या मित्राने पहिल्यांदा घरी पाठवलं, त्याचा तांबडा रस्सा केला आणि मी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज भरला. (आईला हे अजून माहीत नाही. तिच्या लेखी मी ट्रेकिंगला जातो.)

परवाना आला, पण नव्या रायफलीचे भाव पाहून घाम फुटला. तेवढ्यात एक जाहिरात दिसली : .३०८ (हे काडतुसाचं माप), बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीला हाताने खटका ओढायची), दुर्बीण, सायलेन्सर आणि पिशवीसकट नऊशे डॉलर. ‘जेमतेम सहा पाकिटं उडवली असतील.’ एका पाकिटात वीस काडतुसं, म्हणजे रायफल जवळजवळ कोरीच. मेसेज करून विचारलं, काही दोष? उत्तर आलं, ‘कधीच नाही. शंभर मीटरवर सगळ्या गोळ्या एका नाण्याखाली झाकतील.’ हा मेसेज मी पुसला नाही, हेच काय ते नशीब.

एका गावाबाहेरच्या पेट्रोल पंपाजवळ भेटलो. माणूस गोड बोलणारा. माझा परवाना तपासला, त्याचाही दाखवला. जून २०२३ पासून इथे बंदुकांची सरकारी नोंदवही सुरू झाली आहे, व्यवहार तिच्यात चढवावा लागतो. तो फोनवर शांतपणे ते भरत होता आणि मी मनात म्हणत होतो, चोर असता तर एवढं कागदोपत्री केलं असतं का? आता कळतं, नोंदवही बंदूक कोणाची ते सांगते, कशी आहे ते सांगत नाही. सातबारा चोख असला म्हणून विहिरीला पाणी असतंच असं नाही.

रायफलीचा लाकडी दस्ता चकचकीत होता, दुर्बिणीवर ओरखडा नव्हता. मागचा खटका, म्हणजे बोल्ट, काढून नळीतून पाहिलं तर आत काळोख आणि टोकाला बारीकसा उजेड. ‘सायलेन्सर लावलाय ना, असंच दिसणार,’ तो म्हणाला. खरंच होतं ते. म्हणूनच तर तो काढायला हवा होता! मी फिरवून पाहिला, हलला नाही. ‘घट्ट बसवलाय, काढायची गरजच पडत नाही. बरं, चार वाजता दुसरा एक जण बघायला येतोय.’ मी रोख मोजून दिले.

नेमबाजीच्या मैदानावर शंभर मीटरवरून पाच गोळ्या मारल्या. कागदावर थाळीएवढ्या जागेत विखुरल्या. मला वाटलं, आपलाच हात वाईट. मग दुर्बिणीच्या कड्या बदलल्या, तीन वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसं आणली. एकेका पाकिटाला साठेक डॉलर. एप्रिल आला. हा फॅलोच्या माजाचा महिना, नर घोरल्यासारखे ओरडत फिरतात. मित्र म्हणाला, थांब, आधी रायफल दाखवून घे. मी ऐकलं नाही. जवळून मारू, चालेल, असं मनाला पटवलं. साठ मीटरवर उभा नर, खांद्यामागे नेम धरला आणि गोळी पोटात गेली. तो पळाला. मित्राच्या कुत्र्याने दीड तासाने शोधून काढला तेव्हा तो जिवंत होता. त्याबद्दल आणखी लिहवत नाही.

त्यानंतर गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, गेलो. सायलेन्सर काढायला त्याला शेगडी आणि पकड दोन्ही लागलं. आतून तांबड्या गंजाचा भुगा पडला. नळीचं तोंड गंजाने खाऊन टाकलेलं, सायलेन्सर बसवायचे आटे कुजलेले, शेवटच्या इंचभरात खड्डेच खड्डे. झाडल्यावर सायलेन्सरमध्ये ओल आणि काजळी साचते. तसाच लावून रायफल कपाटात ठेवली की नळीचं तोंड सडतं. तोंडाची कड एकसारखी नसली की गोळी सुटताना मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरकं ढकलतो. आतल्या चकत्यांवर तर गोळी घासल्याच्या खुणाही होत्या. आणखी थोडी तिरकी गेली असती तर सायलेन्सरच फुटला असता.

मग त्याने रायफलीचा नंबर आपल्या वहीत पाहिला आणि गप्प झाला. चार महिन्यांपूर्वी हीच रायफल त्याच्या टेबलावर होती. तेव्हाच्या मालकाला त्याने हेच सांगितलं होतं. मालक ‘महाग पडेल’ म्हणून सायलेन्सर पुन्हा चढवून घेऊन गेला होता.

तोवर मला वाटत होतं की मी आंधळेपणाने घेतली. त्या क्षणी कळलं, विकणाऱ्याने डोळे उघडे ठेवून विकली.

फोन केला तर ‘जशी आहे तशी विकली’ म्हणाला आणि नंबर ब्लॉक केला. इथे खाजगी व्यवहाराला ग्राहक कायदा लागत नाही, पण खोटं सांगून विकलं तर भरपाई मागता येते. त्यासाठी डिस्प्युट्स ट्रिब्युनल, म्हणजे छोट्या तंट्यांचं न्यायपीठ, आहे, तिथे वकील चालत नाहीत. मी तो मेसेज आणि गनस्मिथची चिठ्ठी पुढे ठेवली. नळी दोन इंच कापून नवं तोंड आणि नवे आटे करायचा खर्च त्याला द्यावा लागला. सायलेन्सर, काडतुसं, पेट्रोल माझ्याच अंगावर.

सुनावणीनंतर तो पार्किंगमध्ये भेटला. राग नाही, लाज नाही.

‘आता कशी चालते?’

‘बरी चालते.’

‘विकायची झाली तर कळव,’ म्हणाला आणि गाडीत बसला.