केमोनंतर जुलाब लागले तर शहाळं, पेज, ताक की ओआरएस?

केमोचं सलाईन मुंबईत चढतं, जुलाब मात्र बहुधा घरी पोचल्यावर लागतात. माणूस मालवणला, गुहागरला परत येतं, काही दिवसांत पोट सुटतं आणि भेटायला येणारे शहाळी घेऊन येतात. त्यांची माया खरी आहे. पण आधी काय द्यायचं, हे आतड्यात काय बिघडलंय त्यावर ठरवावं.

लहान आतड्याच्या आतून मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना रसांकुर म्हणतात. त्यांच्यावरच्या पेशी ३ ते ५ दिवसांत गळून पडतात आणि मुळाशी असलेल्या खाचांत तयार झालेल्या नव्या पेशी वर सरकतात. केमोची बरीच औषधं भराभर विभागणाऱ्या पेशी मारतात, त्यात या खाचांतल्याही सापडतात. जुन्या गळत राहतात, नव्या येत नाहीत. रसांकुर आखूड होतात, शोषणाची जागा घटते आणि पाणी आतड्यातच राहतं. फाइव्ह-एफयूचं सलाईन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या या दोन्हींनी हे होतं. इरिनोटेकान या केमोच्या औषधाचं आणखी वाईट: यकृत त्याचा विषारी अंश निष्प्रभ करून पित्तातून आतड्यात सोडतं आणि तिथले काही जिवाणू तो पुन्हा मोकळा करतात.

म्हणून माझी पहिली पसंती ओआरएसला. ग्लुकोज आणि मीठ ठरलेल्या प्रमाणात एकत्र आले की उरलेल्या चांगल्या पेशी दोन्ही आत ओढून घेतात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी घ्या. खोक्यातली गोड पेयं त्याच्या जागी चालणार नाहीत. काही पुड्या १ लिटरच्या असतात, काही पेलाभर पाण्याच्या, तेव्हा वाचूनच कालवा. पाणी विहिरीचं असेल तर उकळून गार केलेलं.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम मात्र फार थोडं. आणि जुलाबात सोडियमच जास्त जातं. त्यामुळे शहाळं ओआरएसच्या जोडीला द्यावं, ओआरएसऐवजी नाही. मूत्रपिंडाला त्रास देणारं सिस्प्लाटिन हे केमोचं औषध चालू असेल किंवा मूत्रपिंड नाजूक असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका, कारण तिथे जादा पोटॅशियम हृदयाला धोक्याचं. द्यायचंच तर समोर फोडलेलं, लगेच संपवायचं.

पेज मला शहाळ्यापेक्षा वरची वाटते. उकड्या तांदळाची, पातळ, मीठ घातलेली. तांदळातल्या पिठातून ग्लुकोज हळूहळू सुटतं, त्यामुळे गोड सरबतासारखं ते आतड्यात पाणी ओढत नाही. कॉलऱ्यातही तांदळाच्या पिठाचं ओआरएस वापरलं गेलंय. शिवाय तोंड आलेलं असलं तरी गिळता येते. घरच्या मिठाचं माप मात्र पुडीइतकं नेमकं नसतं. जुलाब जोरात असतील तेव्हा पुडी, आवरत आले की पेज, मग मऊ भात आणि उकडलेला ताजा मासा.

दूध बंद. दुधातली साखर पचवणारा रस रसांकुरांवरच्या पेशींतच असतो. त्या गेल्या की दुधानेच जुलाब वाढतात. ताकात ती साखर कमी, म्हणून पोटाला ते सोसू शकतं. अडचण जिवंत जिवाणूंची आहे: पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतील आणि आतड्याच्या अस्तराला भेगा असतील तर जिवाणू रक्तात शिरू शकतात. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत मी ताक देणार नाही. सोलकढी, कुळथाची पिठी, फणस हे सगळं नंतर.

जुलाब थांबवणारं लोपेरामाइड कधी आणि किती घ्यायचं, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सुरू करू नका. नेहमीपेक्षा ४ वेळा जास्त जावं लागलं तर त्याच दिवशी फोन करा. नेहमीपेक्षा ७ किंवा अधिक वेळा जास्त जावं लागणं, रक्त, चक्कर, लघवी कमी, पाणीही न टिकणं किंवा १००.४ अंश फॅरेनहाइट ताप, यातलं एकही असेल तर थेट रुग्णालय, रात्र असली तरी. पावसाळ्यात घाटात दरड कोसळून रस्ता अडतो, म्हणून अशा दिवसांत संध्याकाळपर्यंत वाट न बघता दुपारीच निघा, आणि औषधांची नावं लिहिलेला कागद सोबत ठेवा.